म्हादईच्या नावाची नौका

(सीमाभागातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात भीमगडचे अरण्य आहे. त्या अरण्यातील देगावच्या परिसरात म्हादई नदी उगम पावते. कर्नाटकातून सुमारे ३५ किलोमीटर वाहून ती गोव्याच्या सत्तरी तालुक्यात उतरते आणि पुढे मांडवी हे नाव धारण करून जुन्या गोव्याजवळून व पणजीवरून अरबी समुद्रास मिळते. या नदीच्या पाण्याचा प्रश्न तीन राज्यांमध्ये दीर्घकाळ चर्चिला जात आहे. तो प्रस्तुत भाषणाचा विषय नव्हे. येथे सांगावयाचे आहे ते त्या नदीच्या नावाने साऱ्या पृथ्वीला वळसा घालून आलेल्या एका शिडाच्या नौकेविषयी, आणि ती नौका ज्या पदार्थाची बनली त्या पदार्थाविषयी.

समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या या बाजूस राहणाऱ्या लोकांना शिडाच्या नौकेचे काय कौतुक, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. निपाणीचा तंबाखू, चिकोडीचा ऊस, बेळगावच्या ओतशाळा हे इथले रोजचे विषय. परंतु वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी आणि कृष्णा या नद्यांच्या काठी राहणाऱ्या माणसाला होडीचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांच्या महापुरांत ज्यांची घरे पाण्याखाली गेली, त्यांनी होडीची वाट पाहत काढलेल्या रात्री ते विसरलेले नाहीत. पूर्वी अशा वेळी गुऱ्हाळातील काहील पाण्यात ढकलून तीत बायकामुले बसवून पैलतीराला नेत असत. गूळ शिजविण्यासाठी घडविलेले ते भांडे माणसे वाहून नेई हे खरे. पण काहिलीला नाळ नाही, सुकाणू नाही आणि प्रवाहात ती स्वतःभोवती गरगर फिरते. होडीची रचना म्हणजे नेमके काय, हे काहिलीत न सापडणाऱ्या गोष्टींची यादी केली तरी अर्धे समजते.

आता म्हादईची हकिकत पाहू. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना निवृत्त व्हाईस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धात 'कामोर्टा' या युद्धनौकेचे नेतृत्व केलेले हे वीरचक्राचे मानकरी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी येथे राहत असत. समुद्राचा इतका ध्यास घेतलेला माणूस माणदेशाच्या कोरड्या सीमेवर जाऊन राहिला, ही गोष्टही मोठी गमतीची आहे. आवटी यांच्या आग्रहाने नौदलाने 'सागर परिक्रमा' हा प्रकल्प हाती घेतला आणि २००६ साली कमांडर दिलीप दोंदे या अधिकाऱ्याने त्यासाठी आपले नाव पुढे केले. नौका मात्र कोठेच नव्हती. ती आधी बांधावयाची होती.

काम सोपविण्यात आले ते गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या 'ॲक्वेरियस' या नौकाबांधणी कारखान्याकडे. दिवाडी हे मांडवीच्या पात्रातील बेट. तेथे जावयाचे तर फेरीबोटीनेच जावे लागते. या कारखान्याला काचतंतूच्या होड्या बनविण्याचा अनुभव होता, परंतु महासागर ओलांडणारी शिडाची नौका त्याने तोपर्यंत बांधली नव्हती. दोंदे यांनीही तोवर एकट्याने महासागर पार केला नव्हता. दोघांनी हे काम अंगावर घेतले, यात धाडस आहेच. पण चुकीची किंमत दोघांना सारखी पडणार नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. कारखानदाराची अब्रू गेली असती; नौकेतील माणसाचा जीव गेला असता. कदाचित त्यामुळेच दोंदे बांधणीच्या काळात कारखान्यातच तळ ठोकून राहिले. जी नौका पुढे दक्षिण महासागराच्या मध्यावर आपणास एकट्यास दुरुस्त करावी लागणार, तिचा प्रत्येक बोल्ट, प्रत्येक नळी कोठून कोठे जाते, हे त्यांना बांधतानाच पाहून ठेवावयाचे होते.

नौकेचा आराखडा हॉलंडमधील व्हान द स्टाट या विख्यात संस्थेचा होता. 'टोंगा ५६' हे त्या आराखड्याचे नाव. लांबी ५६ फूट म्हणजे सुमारे १७ मीटर, वजन सुमारे २३ टन आणि डोलकाठीची उंची सुमारे २५ मीटर, म्हणजे आठमजली इमारतीएवढी. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि तिचे नाव 'म्हादई' ठेवण्यात आले. सत्तरी भागात नावेत उभ्या असलेल्या देवीची जुनी पाषाणशिल्पे आढळतात. नदी, देवी आणि नौका या तिघींचे नाते या नावात सहजच जुळून आले.

येथे थोडे थांबून ज्या पदार्थास बोलण्यात नुसते 'फायबर' म्हणतात, त्याची ओळख करून घेणे योग्य होईल. वाळू, चुनखडी, ॲल्युमिना इत्यादी द्रव्ये भट्टीत वितळवून जो काचरस होतो, तो सूक्ष्म छिद्रांतून ओढून काढला म्हणजे माणसाच्या केसाहूनही कितीतरी बारीक असे धागे तयार होतात. (ॲल्युमिना हे नाव बेळगावकरांना नवे नाही, त्याचा मोठा कारखाना शहरालगतच आहे.) काच ठिसूळ खरी, पण इतक्या बारीक धाग्याच्या रूपात ती ताण विलक्षण सोसते. धागा ताण सोसतो, दाब सोसत नाही, लगेच वाकतो. म्हणून त्याला रेझिन नावाच्या कृत्रिम राळेत बुडवून बसवितात. राळ सुकून दगडासारखी कठीण झाली म्हणजे ती धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवते. मातीच्या भिंतीसाठी चिखल तुडविताना त्यात भुसा आणि गवताच्या काड्या मिसळतात, ते कशासाठी? नुसता चिखल वाळताना भेगाळतो, काड्या त्याला धरून ठेवतात. काचतंतूच्या होडीचे तत्त्व हेच. फरक एवढाच की येथे चिखलाऐवजी रसायन आहे आणि काडीऐवजी काच.

या पद्धतीने होड्या करण्याचा आरंभ अमेरिकेत १९४२ च्या सुमारास झाला. ओहायो राज्यातील रे ग्रीन या गृहस्थाने केलेली शिडाची लहान होडी ही या जातीच्या आद्य होड्यांपैकी एक गणली जाते. दुसरे महायुद्ध संपल्यावर पुढील वीस वर्षांत लाकडाची जागा या पदार्थाने झपाट्याने घेतली. कारण उघड आहे. लाकडी होडीसाठी पिढीजात सुतार लागतो. फळ्या वाकविणे, सांधे बसविणे, फटी बुजविणे यांत महिने जातात. काचतंतूच्या होडीचा साचा एकदा तयार झाला की त्यातून एकामागून एक हुबेहूब होड्या काढता येतात. ज्या देशांत शिडाची होडी ही केवळ श्रीमंतांची चैन होती, तेथे ती शिक्षक, कारकून आणि शाळकरी मुले यांच्या आवाक्यात आली ती या साच्यामुळे.

साच्याची कृती बेळगावच्या उद्यमबागेतील कोणाही ओतकामगारास चटकन कळेल. ओतशाळेत जसा प्रथम लाकडाचा पॅटर्न करतात, तसाच येथे होडीचा पूर्ण आकाराचा लाकडी नमुना करतात. तो घासून पुसून आरशासारखा गुळगुळीत करावा लागतो, कारण नमुन्यावर राहिलेला नखाएवढा ओरखडाही पुढे प्रत्येक होडीवर उमटणार असतो. त्या नमुन्यावर मेण चढवून, वर काचतंतूचे थर देऊन साचा उतरवून घेतात. होडी या साच्याच्या आतील बाजूने घडते आणि नवल असे की ती बाहेरून आत घडत येते. साधारणतः घर बांधताना रंग शेवटी लागतो. येथे रंग पहिला.

साच्यास मेण लावल्यावर पहिला थर जेलकोटचा. हा रंगीत राळेचा लेप अवघा अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. परंतु पाणी व ऊन यांच्याशी पुढे वर्षानुवर्षे सामना करावयाचा तो यानेच. तो हाताला चिकट लागेल पण बोटाला रंग येणार नाही, इतका सुकला म्हणजे काचतंतूचा पहिला थर अंथरतात. तोडलेल्या तंतूंची जी मॅट मिळते, ती एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची असेल तर तिचा एक थर सुमारे एक मिलिमीटर जाडी देतो, आणि एक किलो मॅटला दोन ते अडीच किलो राळ लागते. मॅटवर राळ ओतून ब्रशने जिरवितात आणि लगेच दातेरी लोखंडी रूळ फिरवून आतील हवा बाहेर काढतात. पांढरी मॅट राळ पिऊन पारदर्शक झाली की थर भिजला असे समजावे. पांढरा ठिपका राहिला की तेथे हवा राहिली. मग दुसरा थर, त्यावर विणलेल्या जाड काचवस्त्राचा थर, पुन्हा मॅट, असे आराखड्यात सांगितले असतील तितके थर देतात. नाळ, तळ आणि डोलकाठीचा पाया येथे थर अधिक, इतरत्र कमी.

राळ आपोआप सुकत नाही. तिच्यात आधी कोबाल्टयुक्त द्रव्य असते आणि ऐन वेळी हार्डनर म्हणून पेरॉक्साइड शेकडा एक ते दोन या प्रमाणात मिसळतात. प्रमाण वाढले तर डबा हातातच तापून धूर निघू लागतो. कमी झाले तर होडी कधीच नीट घट्ट होत नाही. ही दोन द्रव्ये एकमेकांत सरळ मिसळली तर स्फोट होतो, म्हणून ती वेगवेगळ्या फळीवर ठेवण्याचा दंडक आहे. राळेतून स्टायरीनचे उग्र वाफारे निघतात आणि काच घासताना उडणारी धूळ कातडीत व फुप्फुसांत जाते. गावोगावच्या लहान कारखान्यांतून तोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम करणारी मुले आजही दिसतात. रुमालाने धूळ थोडी अडते, वाफारा मुळीच अडत नाही. योग्य मुखवटा, हातमोजे आणि वारा खेळता राहील अशी जागा या गोष्टी मालकाच्या मर्जीवर सोडण्याच्या नाहीत. कामगारांच्या वतीने तपासणी अधिकाऱ्यांनी त्या मागितल्या पाहिजेत.

म्हादई मात्र अशा साच्यातून निघाली नाही. एकच नौका करावयाची असेल तर साच्याचा खर्च परवडत नाही. तिच्या बांधणीस 'गाभा पद्धत' म्हणता येईल. या रीतीत आराखड्याबरहुकूम लाकडी चौकटींचा सांगाडा बहुधा उलटा उभा करतात, त्यावर हलक्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवून नौकेचा आकार घडवितात आणि या लाकडी कवचाला बाहेरून व आतून काचतंतू आणि राळ यांचे थर देतात. लाकूड मध्ये, काच दोन्ही अंगांस. लाटेचा मार बसला की कवच वाकू पाहते. तेव्हा एका अंगाच्या थरावर दाब येतो, दुसऱ्या अंगाच्या थरावर ताण येतो, आणि मधले लाकूड त्या दोन थरांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवते. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये नालीदार कागद असतो, तो काढून टाकला तर खोके लगेच लुळे पडते. दोन थरांमधील अंतर हेच बळ, आणि तेही वजन फारसे न वाढविता.

या कामात कोकण–गोव्याचा पावसाळा हा मोठा अडथळा असतो. दमट हवेत राळ नीट धरत नाही, लाकडात ओल राहिली तर काच त्याला सोडून सुटते. म्हणून थर देण्याचे काम हवामान पाहून करावे लागते. घाई चालत नाही. सरकारी कामात मुदतीला फार महत्त्व असते आणि ते असावेच. पण ओल्या लाकडाला मुदत समजत नाही.

रचनेचा दुसरा भाग म्हणजे नौका उलटू नये याची तजवीज. शिडाच्या नौकेच्या पठाणाखाली शिशाचा जड भार बसविलेला असतो. तंजावरची बाहुली कितीही कलविली तरी पुन्हा उभी राहते, कारण तिचा सारा भार बुडाशी असतो. महासागरी नौकेची युक्ती हीच. वाऱ्याने शीड पाण्याकडे आडवे झुकले की हा भार तिला पुन्हा उभी करतो. त्याच पठाणाचे दुसरे काम म्हणजे नौकेला आडवे सरकू न देणे. वारा बाजूने येत असता नौका पुढे कशी जाते, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. ओला चिंचोका दोन बोटांच्या चिमटीत दाबला की तो पुढे निसटतो. बोटे दाबतात आडवी आणि चिंचोका जातो पुढे. वरून वाऱ्याचा रेटा आणि खालून पठाणाला पाण्याचा अटकाव, या चिमटीत सापडून नौका पुढे निसटते. वारा अगदी समोरून असेल तर ती सरळ जाऊ शकत नाही. सुमारे ४५ अंशांचा तिरपा मार्ग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असा घेत तिला जावे लागते. घाटातील वळणांनी चढ चढणाऱ्या बैलगाडीवानास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दोंदे म्हादई घेऊन मुंबईहून एकटे निघाले. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन एवढे चार मुक्काम करून, केप हॉर्नचे कुप्रसिद्ध टोक ओलांडून ते मे २०१० मध्ये मुंबईस परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. त्यानंतर तीच नौका घेऊन लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि वाटेत कोठेही बंदराला न लागता ३१ मार्च २०१३ रोजी परत पोहोचले. पाच महिने त्या नौकेला कोणा कारागिराचा हात लागला नाही. दिवाडीच्या कामगारांनी दिलेले थर, बसविलेले सांधे आणि एकटा माणूस, एवढ्यावर सारे निभावले. या नौकेने पुढील काळात एकूण एक लाख सागरी मैलांहून अधिक प्रवास केला.

त्याच बेटावर त्याच आराखड्याची दुसरी नौका 'तारिणी' तयार झाली व १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता या सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या २५४ दिवसांत तिच्यातून सुमारे २१,६०० सागरी मैलांची प्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे ठरलेले नसताना थांबावे लागले. बिघाड यंत्रात होता, कवचात नव्हे. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोनच अधिकारी तीच तारिणी घेऊन निघाल्या व सुमारे २५,४०० सागरी मैल करून २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतल्या. शाळेतील भूगोलाच्या तासाला केप हॉर्न आणि केप ल्यूविन ही नावे केवळ नकाशावर दाखविण्यापेक्षा या दोघींच्या मार्गावर बोट फिरवून दाखविली तर मुली ती विसरणार नाहीत.

दिवाडी बेटाची गोष्ट येथे संपत नाही. २०२५ साली याच बेटावरून एक अगदी वेगळी नौका पाण्यात उतरली. अजिंठ्याच्या लेण्यातील चित्रावरून तिचे रूप ठरविण्यात आले होते आणि तिच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेल्या होत्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाली. एकाच बेटावर काचतंतू आणि काथ्या या दोन्ही विद्या नांदत आहेत. एक पुढची आणि दुसरी मागची, असे कोणी म्हणू नये. काथ्याने शिवलेली नौका लाटेबरोबर थोडी लवते, काचतंतूची लवत नाही. दोहोंचे गुणदोष निरनिराळे आहेत.

काचतंतूचे दोषही सांगितले पाहिजेत. हा पदार्थ कुजत नाही, वाळवी लागत नाही, गंजत नाही; आणि म्हणूनच जुनी होडी टाकावी कोठे, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांतील बंदरांना आज भेडसावीत आहे. लाकडी होडी शेवटी चुलीत जाते. ही जाळली तर विषारी धूर देते आणि पुरली तर तशीच राहते. दुसरे असे की जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपले तर तळाला फोड येतात. परंतु सर्वांत मोठा दोष पदार्थाचा नाही, तो माणसाच्या हाती आहे. लाकडी होडीची फळी किडकी असेल तर डोळ्यांना दिसते. काचतंतूच्या होडीत चार थरांऐवजी तीनच दिले, राळेत स्वस्त भुकटी मिसळली, हवा काढण्याचा रूळ फिरविलाच नाही, तरी वरून जेलकोट चकचकीत तो चकचकीतच. ती लबाडी किंवा हयगय उघडी पडते ती माणसांनी भरलेली होडी पुराच्या प्रवाहात दगडावर आदळते तेव्हा. रंगाखाली काय आहे हे फक्त रूळ फिरविणाऱ्यास ठाऊक असते.

यासाठी खरेदी करणाऱ्याने काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. बाजारात मडके घेताना बोटाने वाजवून घेण्याची आपली रीत आहे. होडीचा तळ व बाजू रुपयाच्या नाण्याने हळूहळू वाजवीत जावे. आवाज सर्वत्र खणखणीत यावयास हवा, जेथे बद्द येईल तेथे थर सुटलेले आहेत असे धरावे. आतील बाजू जेथे रंगविलेली नसेल तेथे विजेरीचा उजेड पाडून पांढरे ठिपके शोधावेत. बाजूवर हाताने जोराने दाबून पाहावे. पत्र्याच्या डब्यासारखी ती आत जात असेल तर जाडी कमी आहे. होडीला नळाची तोटी किंवा बूच बसविण्यासाठी जो गोल तुकडा कापून काढलेला असतो, तो कारखानदाराकडून अवश्य मागून घ्यावा. त्याच्या कडेला थर मोजता येतात आणि जाडी पट्टीने मोजता येते. हा तुकडा देण्यास जो कारखानदार कां कूं करील त्याच्याकडून होडी घेऊ नये. आणि बसण्याच्या फळ्यांखाली हवाबंद कप्पे किंवा तरंगणारा फेस भरलेला आहे की नाही, हे विचारून नव्हे तर होडी पाण्याने काठोकाठ भरून, ती तरीही तरंगते काय हे पाहून ठरवावे.

शाळा व क्रीडामंडळे यांच्यासाठी शिडाच्या लहान होडीचा विचार करण्यासारखा आहे. 'ऑप्टिमिस्ट' या जातीची होडी क्लार्क मिल्स या अमेरिकन कारागिराने १९४७ साली मुलांसाठी आखली. लांबी अवघी २.३ मीटर, वजन ३५ किलो, एकच शीड. ती आधी प्लायवूडची होत असे, आता बहुतेक काचतंतूची होते. जगभरच्या नामांकित शीडपटूंपैकी कितीतरी जणांनी पहिला धडा याच होडीत गिरविला. तिच्यात शिशाचा भार नसतो. मुलाने आपल्या शरीराच्या भाराने तिचा तोल सांभाळावयाचा असतो आणि ती उलटली तर पुन्हा सरळ कशी करावी हे पहिल्याच आठवड्यात शिकवितात. अर्थात पोहता येणे, अंगावर जीवनरक्षक जाकीट आणि किनाऱ्यावर तयार असलेली मदतीची बोट या तीन गोष्टी नसतील तेथे हा खेळ सुरू करू नये. पिण्याच्या पाण्याच्या राकसकोपसारख्या जलाशयांत तर संबंधित खात्याच्या लेखी परवानगीवाचून कोणतीही होडी उतरविण्याचा विचारही करू नये.

ग्रामपंचायतींच्या माहितीसाठी एक गोष्ट. अंतर्देशीय नौकांविषयी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली नवा केंद्रीय कायदा झाला आहे. यांत्रिक नौकांच्या नोंदणी व तपासणीबरोबरच, वल्ह्याच्या व शिडाच्या साध्या होड्यांची नोंद जिल्हा, तालुका किंवा पंचायत पातळीवर व्हावी अशी तरतूद त्यात आहे. आपल्या गावात होडी किती, कोणाच्या, किती माणसे नेण्याच्या, हे पावसाळ्यापूर्वी कागदावर असलेले बरे.

पुरासाठी म्हणून जी होडी गावात येते, ती पाऊस संपला की बहुधा शाळेमागे किंवा चावडीच्या आवारात उघडी पडून राहते. तिच्यात पावसाचे पाणी साचते, शेळ्या चढतात, उन्हाने जेलकोट पांढरा पडून खडूसारखा हाताला लागतो, आणि पुढील पुराच्या रात्री ती ओढून काढताना वल्ही सापडत नाहीत. होडी छपराखाली, दोन लाकडी ठोकळ्यांवर पालथी ठेवावी. ठोकळे तिच्या बळकट भागाखाली यावेत, मधल्या पोकळ भागाखाली नव्हे. वर्षातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवून मेण चढवावे. वल्ही, दोर आणि जाकिटे ज्या खोलीत असतील तिची किल्ली एकाच माणसाकडे असू नये. मे महिन्याच्या अखेरीस ती एकदा तळ्यात उतरवून, गावातील चार तरुणांना वल्हवावयास लावून पाहावे. तळाच्या छिद्राचे बूच दोरीने होडीलाच बांधून ठेवावे, कारण अंधारात प्रथम हरवते ते तेच.